पैलवान विद्यार्थी खाशाबा जाधव

अक्कलकोट : ज्वारीची सुगी उरकली की आपल्या भागात जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. जिंकलेल्या पोराला फेटा बांधायला सगळं गाव पुढं सरतं. पण तेच पोर कॉलेज आणि तालमीसाठी सोलापूर-कोल्हापूरला गेलं, की ते राहतं कुठं, खातं काय, याची चौकशी फारसं कुणी करत नाही. म्हणून खाशाबा जाधवांची गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. घर शेतकऱ्याचं. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळं कुस्तीचे पहिले धडे घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून खेड्यातल्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली आणि १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं. शिक्षण आणि कुस्ती दोन्हीला तिथं आसरा होता. तरी दोन्ही एकदम सांभाळणं सोपं नव्हे. तालमीत पहाटे उठून माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, लढती करायच्या. दूध, तूप, बदामाचा खुराक लागतो. खानावळीतली ठरावीक पोळीभाजी पैलवानाला पुरत नाही. अंग आंबलेलं असताना वर्गात डोळा लागतो. संध्याकाळी बाकीची पोरं फिरायला निघतात, तेव्हा पैलवान पुन्हा आखाड्यात असतो.

त्यात खाशाबांची अंगकाठी लहान. कॉलेजच्या कुस्त्यांत त्यांचं नाव घ्यायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते, असं सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडं गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून दांडग्या गड्यांना चीतपट केलं. तिथून कॉलेजात त्यांचा वट वाढला.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडन ऑलिंपिकला गेले. उभा जन्म मातीत कुस्ती केलेली, तिथं गादी आणि नियम निराळे. तरी सहावा नंबर काढला. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी पैशाची अडचण आली. गावानं वर्गणी काढली आणि प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते, तोच त्यांना सोव्हिएत मल्लापुढं उभं केलं. मधल्या विश्रांतीचा हक्क मागायला जवळ आपला एकही अधिकारी नव्हता. थकलेल्या अंगानं लढून त्यांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार घेऊन खाशाबा गप्प बसले नाहीत. कुस्त्यांची मैदानं भरवली, त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

१९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

यातून सरपंच, ग्रामसेवक आणि तालीम चालवणाऱ्या मंडळींनी एवढंच घ्यावं. बैलगाड्या पदकानंतर निघाल्या, पण पदक आलं ते आधी गहाण पडलेल्या घरामुळं आणि गावच्या वर्गणीमुळं. जत्रेच्या वर्गणीतून फेटे-नारळाबरोबर बाहेर शिकणाऱ्या एखाद्या पोराच्या खोलीचं भाडं आणि दुधाचा रतीब निघाला, तर काय बिघडलं? त्याच्या वस्तादाला आणि कॉलेजच्या मास्तरांना वर्षातून दोनदा भेटून यावं. पोर जेवतंय का आणि परीक्षेला बसतंय का, दोन्ही विचारावं. अन्नदानाची महती अक्कलकोटकरांना नव्यानं सांगायला नको. त्यातला एक घास परगावी शिकणाऱ्या पैलवानाच्या ताटात पडावा.