ढगांचे छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ

मर्सिडीज मोटारींमुळे जर्मनीतील झिंडेलफिंगेन हे नाव वाचकांच्या कानांवरून गेले असेल. त्याच्या वायव्येस, फार दूर नाही, कार्ल्सरुह हे शहर आहे. १८८१ साली आल्फ्रेड स्टीग्लिट्झ नावाचा अमेरिकन मुलगा तेथील शाळेत दाखल झाला. त्याचा जन्म १ जानेवारी १८६४ रोजी होबोकन येथे झाला. आईवडील जर्मनीतून गेलेले यहुदी. मुलांना पूर्वजांच्या देशात शिकवावे, ही ओढ आम्हा बेटावरील मराठी माणसांना समजावून सांगायला नको.

पुढे बर्लिनला ते यंत्रविद्या शिकण्यास गेले आणि प्राध्यापक फोगेल यांच्या वर्गात छायाचित्रणाच्या नादी लागले. गुरूही मोठा भेटला! त्या काळच्या काचेवर निळे आकाश पांढरेफटक उमटे व ढग त्यात हरवून जात. काचेवरील मसाल्यात रंगद्रव्य मिसळल्यास ती इतर रंगही टिपते, हा शोध फोगेल यांनीच १८७३ साली लावला होता.

१८९० साली ते न्यूयॉर्कला परतले. छायाचित्र ही चित्राच्या तोडीची कला आहे, यासाठी त्यांनी ‘कॅमेरा वर्क’ हे नियतकालिक चालवले, चित्रदालन उघडले, पुष्कळांशी भांडणेही केली.

१९२२ साली एका लेखकाने म्हटले की, स्टीग्लिट्झ समोरच्या माणसावर मोहिनी घालतात, त्यांच्या चित्रांचे बळ त्यात आहे. हा घाव वर्मी बसला. अठ्ठावन्न वर्षांचे स्टीग्लिट्झ तेव्हा लेक जॉर्ज येथील घरी होते. आई मरणपंथाला लागली होती. त्यांनी कॅमेरा आकाशाकडे वळवला. ढगावर कोण मोहिनी घालणार? आणि ढगांना पैसे पडत नाहीत, ते सर्वांचेच.

आम्हाला ढग म्हटले की तुफानाची खबर आठवते. या चित्रांत हवामान शोधू नये. बहुतेकांत जमीन नाही, क्षितिज नाही. नुसता काळ्यापांढऱ्याचा खेळ. स्वतःच्या मनाची अवस्था त्यात उमटावी, हा त्यांचा हेतू. पहिल्या मालिकेला त्यांनी संगीताचे नाव दिले. पुढे १९२५ पासून ‘इक्विव्हॅलंट्स’, म्हणजे मनोभावांची समरूपे. पोस्टकार्डाएवढी ही चित्रे, दोनशेहून अधिक. मोठी करून भिंत भरण्याचा मोह त्यांनी टाळला, हे आम्हाला फार आवडते.

बोस्टनच्या संग्रहालयात भारतीय कलेचा विभाग सांभाळणारे, कोलंबोत जन्मलेले आनंद कुमारस्वामी यांनी स्टीग्लिट्झ यांची चित्रे संग्रहालयासाठी मागितली. १९२४ साली सत्तावीस चित्रे तेथे गेली. अमेरिकेतील एका मोठ्या संग्रहालयाने छायाचित्रांना कला म्हणून जागा दिली, ती आपल्या शिल्पांची पारख असलेल्या माणसामुळे.

१३ जुलै १९४६ रोजी स्टीग्लिट्झ न्यूयॉर्कला वारले. त्यांची रक्षा पत्नी, चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी लेक जॉर्जच्या काठी नेली.