ग्रेसबाईंनी काढलेली यंत्राची शाळा

ग्रेस म्हटलं की आपल्या मंडळात सगळ्यांना आधी 'संध्याकाळच्या कविता'वाले कवी ग्रेस आठवणार. आजचा लेख त्यांच्यावर नाही. ही ग्रेस न्यूयॉर्कची. गणिताची प्राध्यापिका, पुढे अमेरिकन नौदलात रिअर ॲडमिरल. आज प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं-मुली यंत्राला शब्दांत काही सांगू शकतात, त्याची वाट पाडणाऱ्यांत ती अगदी पुढे होती. साहित्य मंडळाच्या अंकात ही बाई कशाला, असं कुणी विचारेल. मला विचाराल तर तिचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नापाशी घोटाळत राहिलं, आणि तो प्रश्न कॉम्प्युटर विभागाचा कमी, आपला जास्त आहे: माणसानं यंत्राची भाषा शिकायची, की यंत्रानं माणसाची?

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा. सात वर्षांची असताना तिनं घरातलं गजराचं घड्याळ उघडून पाहिलं. ते परत जुळेना, म्हणून दुसरं उघडलं. अशी सात घड्याळं सुटी करून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. आईनं काय केलं असेल? पुढे एकच घड्याळ उघडायची परवानगी दिली. आपल्याकडे काय मिळालं असतं ते सांगायला नको.

मुलीनंही मुलाइतकंच शिकावं, असं वडिलांचं मत होतं. पण व्हॅसर कॉलेजात तिला पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. कारण गणित नव्हे, लॅटिन! लॅटिनमध्ये मार्क कमी पडले. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करून ती आत गेली. १९२८ मध्ये पदवी, मग येल विद्यापीठ, आणि १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएचडी. मधे १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. हे गृहस्थ साहित्याचे प्राध्यापक. मध्ययुगातल्या संख्यांच्या प्रतीकार्थांवर त्यांनी पुस्तक लिहिलं आहे. त्या घरात जेवताना काय गप्पा होत असतील, याचा विचार मी बरेचदा करते.

व्हॅसरमध्येच ग्रेसबाई शिकवायला लागल्या. गणिताच्या वर्गात त्या मुलींना निबंध लिहायला लावत आणि त्यातलं लेखन तपासून परत देत. मुली कुरकुरायच्या, की आम्ही इथे गणित शिकायला आलोय, इंग्रजी नाही. बाईंचं म्हणणं असं की जे तुम्हाला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ते गणित येऊन काय उपयोग. ही सवय त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते.

दुसरं महायुद्ध आलं. १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. वय छत्तीस, म्हणजे नियमापेक्षा जास्त. वजन नियमापेक्षा कमी. शिवाय गणिताचे शिक्षक युद्धकाळात गरजेचे म्हणून त्यांना सोडायलाही कुणी तयार नव्हतं. या सगळ्यावर सवलत मिळवून त्या गेल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. नेमणूक झाली हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली. तिथे 'मार्क वन' नावाचं गणकयंत्र होतं. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, सुमारे ५ टन वजन. ते कागदाच्या पट्टीवर पाडलेली भोकं वाचायचं आणि तेवढंच वाचायचं. कुठलं भोक कुठे पाडायचं हे माणसानं ठरवायचं, आणि एक भोक चुकलं तर रात्रभराचं गणित वाया. नौदलाच्या तोफांचे तक्ते तिथे तयार होत. १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन एक गणित घेऊन आले, तेही याच यंत्रावर चालवलं गेलं. ते अणुबाँबचं होतं. हे कशासाठी आहे, हे तेव्हा तिथल्या लोकांना सांगितलं नव्हतं. या गोष्टीशी मी अडखळते. पण ती गाळून पुढे जाणंही मला बरं वाटत नाही.

एकेननी बाईंना हुकूम सोडला: या यंत्राचं पुस्तक लिहा. त्यांनी पूर्वी पुस्तक लिहिलेलं नव्हतं, पण नौदलात ही सबब चालत नाही. रोज लिहिलेली पानं त्या एकेनना वाचून दाखवत. १९४६ मध्ये ते ५६१ पानांचं पुस्तक हार्वर्डनं छापलं. त्याची सुरुवात तारा आणि चाकांनी होत नाही. पहिलं प्रकरण गणकयंत्रांच्या इतिहासाचं आहे, पास्कल आणि बॅबेज यांच्यापासूनचं. आज ज्याला आपण मॅन्युअल म्हणतो आणि न उघडता कपाटात टाकतो, त्या जातीच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी हे एक.

याच दिवसांतली पतंगाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी 'मार्क टू' यंत्राच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला आणि तो वहीत चिकटपट्टीनं चिकटवला गेला. 'बग' हा शब्द त्यावरून आला, असं सांगतात. ते खरं नाही. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणणं एडिसनच्या काळापासून चालू होतं, आणि पतंगही बाईंनी स्वतः पकडला नव्हता. त्यांनी ती गोष्ट पुढे जन्मभर रंगवून सांगितली, एवढंच. वही मात्र खरी आहे.

युद्ध संपलं आणि आयुष्य एकदम उसवलं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये बायकांना कायमची जागा मिळायची नाही. बाईंचं दारू पिणं वाढलं, इतकं की जवळच्या माणसांना काळजी वाटू लागली. यशस्वी माणसांच्या चरित्रात हा भाग सहसा दोन ओळींत आटपतात. मीही जास्त लिहीत नाही, पण एवढं लक्षात ठेवायला हवं, की पुढचं सगळं मोठं काम चाळिशी ओलांडलेल्या, एकट्या आणि आतून खचलेल्या बाईनं उभं केलं.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉकली यांच्या छोट्या कंपनीत गेल्या. लवकरच ती रेमिंग्टन रँडनं विकत घेतली. 'युनिव्हॅक' तिथलाच. तिथल्या आधीच्या एका यंत्रासाठी त्यांना ऑक्टल, म्हणजे आठच्या पायाचं अंकगणित शिकावं लागलं. नवव्या अंकाची सवयच मोडली. मग घरच्या चेकबुकाचा हिशोब काही केल्या जुळेना. शेवटी बँकेत काम करणाऱ्या भावानं पाहिलं, तर बाई मधेमधे वजाबाकी ऑक्टलमध्ये करत होत्या. सगळे हसले, पण बाईंच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. यंत्रासाठी माणसानं आपलं डोकं किती वाकवायचं?

दुसरी एक अडचण होती. हार्वर्डपासून हे लोक एकमेकांच्या वह्यांतून तयार तुकडे उतरवून घेत. साइन काढायचा तुकडा तुझ्याकडे आहे? दे, मी उतरवते. पण प्रत्येक ठिकाणी पत्ते बदलायचे, म्हणजे बेरजा करायच्या. बाईंचं निरीक्षण असं की प्रोग्रॅमर लोक उतरवण्यात कच्चे आणि बेरजेत त्याहून कच्चे. पाककृतीच्या पुस्तकात 'फोडणी करून घ्या' एवढं म्हटलं की आपल्याला पुरतं. तेल किती तापवायचं, मोहरी कधी टाकायची, हे दर पानावर लिहीत नाहीत. यंत्राला मात्र दरवेळी मोहरीपासून सांगावं लागे. मग ही फोडणी यंत्रानंच का शोधू नये? तुकड्यांना क्रमांक द्यायचे, ते टेपवर साठवायचे; माणसानं नुसता क्रमांक सांगायचा; शोधणं, उतरवणं, बेरीज करणं हे यंत्रानं करायचं. १९५२ च्या सुमारास तयार झालेल्या या प्रोग्रॅमचं नाव 'ए-झिरो'. त्याला त्यांनी 'कंपायलर' म्हटलं. आजचा कंपायलर याहून बराच वेगळा आणि हुशार असतो, पण नाव तिथलं. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या सभेत त्यांनी जो निबंध वाचला, त्याचं शीर्षक मराठीत 'संगणकाचं शिक्षण' असं होईल. शिक्षण माणसाचं नव्हे, संगणकाचं! मास्तरणीनं विद्यार्थी बदलला.

लोकांना हे पटेना. यंत्र फक्त बेरीज-वजाबाकी करतं, ते प्रोग्रॅम कसा लिहील? आणि ज्यांना पट्टीवरची भोकं वाचता येत होती, त्यांना हे गुपित सगळ्यांसाठी उघडं होणं फारसं नकोही होतं. बाईंनी यावर उपाय केला तो शिक्षिकेचाच. १९५३ मध्ये 'ए-टू' तयार झाल्यावर तो ग्राहकांकडे मूळ कोडसकट पाठवला आणि सांगितलं, की वापरा, सुधारा, सुधारलेलं आम्हाला परत पाठवा. आज ज्याला ओपन सोर्स म्हणतात, त्याचं मूळ काही लोक इथे शोधतात. १९५४ च्या मे महिन्यात नौदलाच्या संशोधन कार्यालयानं वॉशिंग्टनमध्ये याच विषयावर परिसंवाद भरवला, त्यातही त्या पुढे होत्या. तिथे एमआयटीच्या लॅनिंग आणि झिअरलर या दोघांनी तयार केलेला, बीजगणिताची समीकरणं जशीच्या तशी वाचणारा प्रोग्रॅम मांडला गेला. कुठे काय नवं चाललंय हे एकमेकांना कळवणं, सभा भरवणं, शिकायला कागद पुरवणं: आज प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेभोवती जो गोतावळा असतो, त्याच्या या सवयी त्या वर्षांत लागत होत्या.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. बाईंच्या मते समीकरणं गणितवाल्यांना ठीक, पण पगारपत्रक आणि गोदामाचा हिशोब ठेवणाऱ्याला चिन्हं नको असतात, त्याला शब्द हवेत. म्हणून १९५५ च्या सुरुवातीला त्यांनी कंपनीच्या वरिष्ठांपुढे असा प्रस्ताव ठेवला, की प्रोग्रॅम साध्या इंग्रजी शब्दांत लिहावेत. सोबत नमुना चालवून दाखवला. आणि मग, यंत्राला शब्द म्हणजे नुसत्या खुणा, हे समजावं म्हणून तोच प्रोग्रॅम फ्रेंच शब्दांत आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. झालं! साहेब लोक बिथरले. फिलाडेल्फियात बनलेलं अमेरिकन यंत्र फ्रेंच आणि जर्मन कसं समजेल? ते शक्यच नाही, आणि असलं तर नकोच. हे शंकानिरसन करण्यात कित्येक महिने गेले, आणि शेवटी आम्ही फक्त इंग्रजीतच करू, असं आश्वासन देऊन पैसे मिळवावे लागले.

पाटीवरच्या अक्षरांवरून माणसं किती पेटतात, हे आम्हा बेळगावकरांना शिकवायला नको. पण मी त्या खोलीतल्या नमुन्याचा विचार करते. यंत्राला काहीच फरक पडत नव्हता. अडचण होती ती टेबलापलीकडच्या माणसांची. त्या दिवशी तिन्ही भाषा मंजूर झाल्या असत्या, तर पुढे कुणीतरी मराठी शब्दही घातले असते, आणि माझा मामेभाऊ इंग्रजी माध्यमात गेला नाही म्हणून प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच तासाला मागच्या बाकावर सरकला नसता. कदाचित हे माझं स्वप्नरंजन असेल. जगभरच्या कोडला एक भाषा असण्याचे फायदे आहेत, ते मला दिसतात. पण ती इंग्रजीच असणं हे यंत्रानं मागितलेलं नव्हतं.

त्या प्रस्तावातून 'फ्लो-मॅटिक' आली आणि तिच्या पायावर 'कोबॉल'. १९५९ पर्यंत प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी झाली होती. यंत्र बदललं की सगळं पुन्हा लिहा. सर्वांसाठी एक सामाईक भाषा हवी, ही मागणी आधी बरोझ कंपनीतल्या मेरी हॉज यांनी लावून धरली. २८ आणि २९ मे १९५९ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं पेंटॅगॉनमध्ये बैठक घेतली. ग्रेसबाईंना कोबॉलची आई म्हणतात. हे थोडं जास्तीचं आहे. भाषेचा बराचसा मजकूर सहा जणांच्या गटानं बसून लिहिला. त्यात जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी होत्या, ग्रेसबाई नव्हत्या. आजी म्हणावं फार तर. काम इतकं रेंगाळलं, की वैतागलेल्या एका सदस्यानं कोबॉल असं नाव कोरलेला थडग्याचा दगड विकत घेऊन पेंटॅगॉनला पाठवून दिला. डिसेंबर १९६० मध्ये मात्र एकच प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालला.

कोबॉलच्या व्याकरणात क्रियापद आहे, वाक्य आहे, परिच्छेद आहे, आणि वाक्य पूर्णविरामानंच संपतं. पूर्णविराम विसरलात तर अर्थ बदलतो. आपले सर यावर खूश होतील. संगणकशास्त्रातले विद्वान मात्र खूश नव्हते. एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये या भाषेवर जहरी टीका केली. ती शिकल्यानं डोकं बिघडतं, इथपर्यंत. लांबण लागते हे खरंच आहे. पण बँकांचा आणि सरकारी खात्यांचा हिशोब दशकानुदशकं तिच्यावर चालला, आणि २००० साल जवळ आलं तेव्हा वर्षाचे दोनच आकडे साठवलेले ते जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला भारतातली कितीतरी तरुण मुलं कोबॉल शिकून अमेरिकेत गेली.

नौदलानं १९६६ च्या अखेरीस बाईंना निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, कारण नौदलातच कोबॉलच्या बोली फुटल्या होत्या आणि त्यांना एका वळणावर आणायचं होतं. ते सहा महिने जवळजवळ एकोणीस वर्षं चालले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनच्या बंदरात 'कॉन्स्टिट्यूशन' या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निरोप झाला तेव्हा त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. लगेच डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या आणि व्याख्यानं देत फिरत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना पुरलं.

या व्याख्यानांना त्या तारेचे तुकडे घेऊन जात. प्रत्येक तुकडा सुमारे ३० सेंटिमीटरचा, म्हणजे एका नॅनोसेकंदात प्रकाश जातो तेवढा. उपग्रहावरून निरोप यायला वेळ का लागतो, असं कुणी विचारलं की त्या तार दाखवत आणि इथून तिथपर्यंत असे किती तुकडे लागतील ते बघा म्हणत. मायक्रोसेकंदासाठी सुमारे ३०० मीटर तारेचं वेटोळं असे. वेळ वाया घालवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरच्या गळ्यात ते अडकवावं, असं त्यांना वाटे. तुकडे त्या सगळ्यांना वाटून टाकत. अशा तारांची एक जुडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवली आहे, आणि ती पतंगाची वहीही तिथेच आहे.