ज्याच्या नावावरून हुडिनी ‘हुडिनी’ झाला, त्यालाच त्याने खोटं ठरवलं

जादूगार म्हटलं की आजही पहिलं नाव निघतं ते हॅरी हुडिनीचं. पण हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. बुडापेस्टमध्ये जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला हा एरिक वाईस. कोवळ्या वयात त्याने एका फ्रेंच जादूगाराचं आत्मचरित्र वाचलं आणि तो पुरता झपाटला. इतका, की त्याच जादूगाराच्या आडनावाला ‘ई’ जोडून त्याने आपलं नाव बनवलं.

तो जादूगार म्हणजे जाँ युजीन रॉबर्ट-हुडिन.

१८०५ साली फ्रान्समधल्या ब्ल्वा गावात एका घड्याळजीच्या घरी त्याचा जन्म झाला. तो सांगायचा त्यानुसार, त्याने घड्याळाच्या कामावरची पुस्तकं मागवली आणि दुकानदाराने चुकून जादूची पुस्तकं हातात दिली. तिथूनच त्याला जादूचा नाद लागला.

३ जुलै १८४५ ला पॅरिसमध्ये त्याने स्वतःचं छोटं थिएटर सुरू केलं. तेव्हा बरेच जादूगार पायघोळ झगे घालून भलंमोठं सामान मांडायचे. हा मात्र पॅरिसची प्रतिष्ठित मंडळी घालायची तसाच सूट घालून, जवळपास मोकळ्या रंगमंचावर उभा राहायचा.

त्याचं म्हणणं साधं होतं. जादूगाराकडे जादू नसतेच, तो जादूगाराची भूमिका करणारा नट असतो.

त्याचं संत्र्याचं झाड पॅरिसभर गाजलं. प्रेक्षकाचा रुमाल गायब व्हायचा. झाडाला फुलं यायची, मग संत्री लागायची. ती खरी संत्री तो लोकांमध्ये वाटायचा. उरलेलं शेवटचं संत्रं उघडायचं आणि दोन फुलपाखरं तो रुमाल वर उचलायची. आत घड्याळजीने बसवलेली यंत्रं आहेत हे ओळखणारेही टाळ्या वाजवायचे. कादंबरी वाचताना आपलंही तेच होतं. गोष्ट रचलेली आहे हे माहीत असतं, तरी डोळ्यांत पाणी येतंच.

हा करार मोडला तर काय होतं, तेही याच माणसाच्या आयुष्यात दिसतं.

१८५६ साली फ्रेंच सरकारने त्याला अल्जेरियात पाठवलं. तिथे फ्रेंचांची सत्ता होती आणि चमत्कार करणाऱ्या स्थानिक धर्मगुरूंचा लोकांवर मोठा प्रभाव होता. हा प्रभाव मोडायचा आणि फ्रेंच वरचढ आहेत हे ठसवायचं, हे त्याचं काम. त्याने एक छोटी पेटी आणली. आधी ती कुणीही सहज उचलायचं. मग तो समोरच्याची ताकद काढून घेत असल्याचं सांगायचा आणि धट्टाकट्टा गडीही ती हलवू शकायचा नाही. खाली विद्युतचुंबक होता.

हीच पेटी पॅरिसमध्ये करमणूक होती, इथे ती धाक बनली. नंतर दुभाष्यांकडून लोकांना सांगण्यात आलं की हे सगळं कसब आहे. पण तोवर भीतीने आपलं काम केलं होतं.

१८५८ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. त्यात टोरिनी नावाच्या गुरूची गोष्ट आहे. अन्नातून विषबाधा होऊन रस्त्यात पडलेल्या तरुण रॉबर्ट-हुडिनला या फिरत्या जादूगाराने वाचवलं आणि विद्या शिकवली. या टोरिनीच्या हातून बंदुकीच्या प्रयोगात स्वतःचाच मुलगा मारला गेला होता. वाचताना काळीज हलतं.

पुढे अभ्यासकांनी शोध घेतला, तर टोरिनीचा कुठे मागमूसच लागला नाही. तो बहुधा कधी नव्हताच.

एरिक वाईसने मात्र हे पुस्तक खरं मानून वाचलं होतं. मोठेपणी त्याने जुने कागद, जाहिराती धुंडाळल्या आणि १९०८ साली अख्खं पुस्तक लिहून आपल्या दैवताचा बुरखा फाडला. दुसऱ्यांचे प्रयोग याने आपल्या नावावर खपवले, हा त्याचा मुख्य आरोप. त्यातले बरेच आरोप अन्यायकारक होते, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. पण त्या रागाचं मूळ समजण्यासारखं आहे. टोरिनी कादंबरीत भेटला असता, तर कुणालाच फसवल्यासारखं वाटलं नसतं.

हे सगळं ऐकायला रॉबर्ट-हुडिन नव्हता. फ्रान्स-प्रशिया युद्धात त्याचा मुलगा युजीन गेला आणि पाठोपाठ १३ जून १८७१ ला तोही गेला. त्याचं थिएटर १८८८ मध्ये जॉर्ज मेलिएस नावाच्या तरुणाने विकत घेतलं. पुढे याच मेलिएसने सिनेमाच्या पडद्यावर माणसं चंद्रावर नेली.

ते खोटं आहे हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी लोक तिकीट काढून बसले.