मेबाखच्या आठ हजार नळ्या

थंडीत कारचा हीटर कोमट हवा देऊ लागला की मला विल्हेल्म मेबाख आठवतो. १८४६ साली जर्मनीत हाइलब्रॉनला जन्मला, दहाव्या वर्षी पोरका झाला. रॉयटलिंगनच्या अनाथाश्रमात वाढला (आणि आपण मेसला नावं ठेवतो!), तिथंच ड्रॉइंग शिकला नि गॉटलीब डाइमलरच्या नजरेत भरला. मग जन्माची जोडी.

१९०० मध्ये डाइमलर गेला. त्याच सुमारास मेबाखनं ३५ हॉर्सपॉवरच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. ६ मिलिमीटरच्या ८०७० चौकोनी नळ्या, आतून हवा, बाहेरून पाणी, मागं पंखा. पाणी निम्मंच पुरू लागलं. गाडीला नाव मात्र डीलर येलिनेकच्या मुलीचं! मला हे अजून खटकतं. १९०७ मध्ये त्यानं कंपनी सोडली, १९२९ मध्ये गेला.

हीटर कोअर म्हणजे असाच छोटा रेडिएटर. इंजिन तापल्यावर त्याचे दोन्ही होज चाचपून बघा. एक गरम, दुसरा गार असेल तर कोअर बहुधा चोंदलाय, फ्लश करा. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा कूलंट कमी पडलंय. झाकण मात्र इंजिन गार झाल्यावरच काढा, प्लीज!