कार्डिनल मिंडसेंटी : अंकित राष्ट्राचा मेंढपाळ

लहान राष्ट्र बलाढ्य शेजाऱ्याचे अंकित होते, तेव्हा त्याचा ध्वज उतरवला जात नाही. संसदही भरत राहते. निर्णय मात्र परक्या राजधानीत होऊ लागतात. हंगेरीची ही व्यथा आपण कार्डिनल योझेफ मिंडसेंटी यांच्या जीवनातून समजून घेऊ या.

२९ मार्च १८९२ रोजी पश्चिम हंगेरीतील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. १९१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९४४ साली ते वेस्प्रेमचे बिशप झाले. त्याच वर्षी जर्मन सैन्याने हंगेरी व्यापली आणि नाझीधार्जिण्या सरकारने त्यांना कैदेत टाकले.

१९४५ साली ते एस्तेरगोमचे आर्चबिशप व पुढच्याच वर्षी कार्डिनल झाले. जर्मन गेले होते. आता सोव्हिएत सैन्याने तळ ठोकला होता. नोव्हेंबर १९४५ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांना अवघी १७ टक्के मते मिळाली, तरी गृहखाते त्यांच्याच हाती गेले. मग विरोधकांना एकेक करून दूर सारण्यात आले. १९४८ साली ख्रिस्तसभेच्या शाळा सरकारजमा झाल्या. कार्डिनलांनी ठाम विरोध केला. २६ डिसेंबर १९४८ रोजी त्यांना अटक झाली. छळ करून कबुलीजबाब घेण्यात आला आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये जन्मठेप सुनावण्यात आली.

ऑक्टोबर १९५६ च्या जनउठावात त्यांची सुटका झाली. परंतु ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. कार्डिनलांनी अमेरिकन वकिलातीत आश्रय घेतला. तेथे त्यांची पंधरा वर्षे गेली.

१९७१ साली व्हॅटिकन व हंगेरी यांच्यात समझोता होऊन त्यांना देश सोडावा लागला. दडपलेल्या ख्रिस्तसभेला थोडा श्वास घेता यावा, म्हणून पोप सहावे पॉल वाटाघाटी करीत होते. कार्डिनल राजीनामा देईनात, तेव्हा १९७४ साली त्यांचे आर्चबिशपपद रिक्त घोषित झाले. तुरुंगवासापेक्षाही हा घाव त्यांना खोल लागला असावा, असे आम्हांस वाटते. परंतु त्यांनी ख्रिस्तसभेशी असलेली निष्ठा सोडली नाही.

६ मे १९७५ रोजी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. १९९१ साली सोव्हिएत सैन्य मायदेशी परतत असताना त्यांचे पार्थिव अवशेष एस्तेरगोमला आणण्यात आले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'पूज्य' घोषित केले.

सैन्यबळाने भूमी अंकित करता येते. सदसद्विवेकबुद्धी अंकित होण्यासाठी मात्र आपली संमती लागते. कार्डिनल मिंडसेंटी यांनी ती अखेरपर्यंत दिली नाही.