फिरत्या पंखाचे कारागीर : विल्बर राइट



आप्तेष्टांना निरोप द्यायला आपण प्लेझान्सच्या विमानतळावर जातो. तेथे रॉड्रिग्जला जाणारे पंख्याचे विमान आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल, कित्येक जण त्यात बसलेही असतील. पुढच्या वेळी तो पंखा थांबलेला असताना जरा निरखून पाहा. त्याचे पाते फळीसारखे सपाट नसते. मध्याजवळ त्याचा कल जास्त असतो आणि टोकाकडे तो कमी कमी होत जातो. जणू कोणी दोन्ही हातांनी धरून त्याला पीळ दिला आहे.

हा कल किती ठेवायचा यावर विमान उडणार की नाही हे ठरते. हे गणित ज्या दोन भावांनी प्रथम मांडले, आणि मांडून तसा पंखा स्वतःच्या हातांनी घडवला, त्यांपैकी थोरले विल्बर राइट यांची ही कथा आहे.

विल्बर यांचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना प्रांतात मिलव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. वडील मिल्टन राइट हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि पुढे बिशप झाले. धर्मकार्यासाठी ते सतत फिरतीवर असत. आई सुझन या गाडे बनवणाऱ्या कारागिराची कन्या. घरातले मोडके सामान दुरुस्त करण्यात आणि मुलांसाठी खेळणी बनवण्यात त्यांचा हातखंडा होता. हत्यारे हाताळण्याची आवड मुलांना आईकडून मिळाली. ऑर्व्हिल हे विल्बर यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. १८७८ साली वडिलांनी मुलांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू आणि कागद यांचे ते बनवलेले होते. रबराला पीळ देऊन सोडले की त्याचे पंखे फिरत आणि ते छताकडे झेपावत असे. ते मोडल्यावर दोघांनी तसेच दुसरे स्वतः बनवले.

विल्बर अभ्यासात हुशार होते. येल विद्यापीठात जाण्याचा विचार चालला होता. पण वयाच्या अठराव्या वर्षी, बर्फावर खेळ चालू असताना, तोंडावर काठीचा जबर तडाखा बसला. पुढचे दात गेले. जखम भरली, पण छातीत धडधड सुरू झाली आणि मन खचले. विद्यापीठाचा विचार मागे पडला. त्याच सुमारास आईला क्षयाने ग्रासले होते. सुमारे तीन वर्षे विल्बर घरीच राहिले. आजारी आईची सेवा करावी आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या संग्रहातील ग्रंथ वाचावेत, एवढाच त्यांचा दिनक्रम होता. १८८९ साली आई वारली. वाया गेली असे लोकांना वाटणारी ही वर्षे खरोखर वाया गेली नव्हती. एकांतात बसून एका विषयाचा पाठपुरावा करण्याची सवय त्यांना याच काळात लागली.

पुढे दोघा भावांनी ओहायो प्रांतातील डेटन शहरात आधी छापखाना चालवला आणि १८९२ साली सायकलींचे दुकान काढले. काही वर्षांनी ते स्वतःच्या बनावटीच्या सायकली विकू लागले. १८९६ साली जर्मनीतील ओटो लिलिएंथाल हे पंख बांधून टेकडीवरून तरंगत उतरण्याचे प्रयोग करताना पडून मृत्यू पावले. ही वार्ता वाचून विल्बर यांच्या मनात उड्डाणाचा विषय पुन्हा जागा झाला. ३० मे १८९९ रोजी त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून या विषयावरील पुस्तके व लेख मागवले. १९०० सालापासून दोघे भाऊ नॉर्थ कॅरोलायना प्रांतातील किटी हॉक या वाळूच्या किनाऱ्यावर जाऊन बिनइंजिनाची विमाने उडवू लागले.

१९०१ साली निराशा पदरी आली. जुन्या तक्त्यांप्रमाणे पंखांना जेवढा उचल मिळायला हवा होता तेवढा मिळेना. तेव्हा त्यांनी दुकानातच सहा फूट लांबीची लाकडी पेटी बांधली आणि तिच्यातून पंख्याने वारा सोडला. करवतीची पाती आणि सायकलीच्या तारा यांपासून बनवलेल्या तराजूंवर त्यांनी पंखांचे दोनशेच्या आसपास लहान नमुने तपासले. कोणता पंख किती कलता धरला म्हणजे किती उचल देतो, याचे त्यांचे स्वतःचे तक्ते तयार झाले. १९०२ सालचे विमान त्या तक्त्यांवर बांधले आणि ते उत्तम तरंगले. उरले होते इंजिन आणि पंखा.

इंजिनाचे काम दुकानातील कारागीर चार्ली टेलर यांनी सहा आठवड्यांत उरकले. ते सुमारे बारा अश्वशक्तीचे होते. पंख्याचे काम सोपे आहे अशी दोघा भावांची समजूत होती. आगबोटींना स्क्रू लावून त्या वेळी साठाहून अधिक वर्षे झाली होती. जहाजबांधणीच्या ग्रंथांत सूत्र सापडेल, पाण्याच्या जागी हवा धरली की झाले, असे त्यांना वाटले. ग्रंथ चाळले तेव्हा कळले की तसले सूत्र कोठेच नाही. जहाजांचे स्क्रू अनुभवाने बनवत. एक बसवावा, चालला नाही तर दुसरा बसवावा, अशी रीत होती. अवाढव्य इंजिनाच्या बोटीला ते परवडते. बारा अश्वशक्तीत माणसासकट जमीन सोडायची, तर शक्ती वाया घालवून कसे चालेल?

येथे विल्बर आणि ऑर्व्हिल यांचा वाद जुंपला. महिनोन्महिने तो चालला. शेजारच्या खोलीत काम करणाऱ्यांना वाटे की आता हातघाईवर येतात. पण हा वाद भाऊबंदकीचा नव्हता. कित्येकदा असे होई की दिवसभर भांडून झाल्यावर विल्बर यांना ऑर्व्हिल यांचे म्हणणे पटलेले असे, ऑर्व्हिल यांना विल्बर यांचे, आणि दुसऱ्या दिवशी दोघे बाजू बदलून पुन्हा उभे राहत. दोघांनाही आपले खरे करायचे नव्हते, खरे काय ते शोधायचे होते.

शेवटी त्यांना जे उमगले ते आपल्या भाषेत फार थोडक्यात सांगता येते. पंखा म्हणजे गोल फिरणारा पंख. तोवर पुष्कळ जण समजत की पंखा हवेत मळसूत्रासारखा घुसत जातो. राइट बंधूंनी ओळखले की त्याचे प्रत्येक पाते हे एक अरुंद पंखच आहे. विमानाचा पंख वर उचलतो, पंख्याचे पाते पुढे ओढते किंवा ढकलते, एवढाच फरक. मग पेटीत तपासलेल्या पंखांचे तक्ते पात्यालाही लागू पडणार.

तरी गणित सोपे नव्हते. विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत एकाच वेगाने जातो. पात्याचे तसे नाही. त्यांचा पंखा साडेआठ फूट व्यासाचा होता. एका फेऱ्यात पात्याचे टोक सुमारे २७ फुटांचे वर्तुळ काटते, तर मध्यापासून एक फुटावरचा भाग जेमतेम सव्वासहा फुटांचे. दोन्ही भाग विमानाबरोबर पुढे मात्र सारखेच सरकतात. विमान ताशी ३० मैल चालले आणि पंखा मिनिटाला ३५० फेरे फिरला, तर एका फेऱ्यात ते साडेसात फूट पुढे जाते. म्हणून मध्याजवळच्या भागाला वारा अगदी समोरून येतो आणि टोकाला तो बाजूने येतो. प्रत्येक ठिकाणी वाऱ्याशी योग्य तेवढाच कल राहावा, यासाठी पात्याला पीळ द्यावा लागतो.

योग्य कल म्हणजे काय, हे बेटावर राहणाऱ्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. चक्रीवादळात छपराचा पत्रा वाऱ्याच्या रेषेत असेल तर वारा त्याच्या अंगावरून निघून जातो. जरा कलला की वारा त्याला उचलतो. फारच उभा राहिला तर वारा त्याला नुसता मागे ढकलतो. पात्याचेही तसेच. कल कमी पडला तर इंजिन भरभर फिरते आणि हवा पुरती पकडली जात नाही. कल जास्त झाला तर इंजिन दमते, त्याचे फेरे घटतात आणि पाते नुसती हवा घुसळत बसते.

हिशेब वह्यांत उतरला आणि मग हत्यारे बाहेर आली. स्प्रूस या हलक्या आणि चिवट लाकडाच्या तीन फळ्या एकमेकींवर चिकटवून त्यांनी ठोकळा केला. तो कुऱ्हाडीने आणि दोन मुठींच्या सुऱ्याने तासून पाती घडवली. टोके चिरू नयेत म्हणून ती कापडाने मढवली. पंखे दोन केले आणि सायकलीच्या धर्तीच्या साखळ्यांनी ते इंजिनाला जोडले. एक साखळी मध्ये तिढा देऊन बसवली, म्हणजे दोन्ही पंखे उलटसुलट फिरावेत आणि विमान एका बाजूला ओढले जाऊ नये. इंजिनाची शक्ती अशा पंख्यांतून किती कामी लागेल, याचा त्यांचा अंदाज ६६ टक्के होता. अलीकडच्या संशोधकांनी तसेच पंखे बनवून तपासले, तेव्हा तो आकडा सुमारे ७५ टक्के भरला.

१९०३ च्या नोव्हेंबरात किटी हॉकला पंखे प्रथम फिरवले, तेव्हा इंजिनाच्या हिसक्यांनी त्यांचे दांडे दुखावले. ते दुरुस्त होऊन आल्यावर दातेरी चाके सैल पडू लागली. ती सायकलीच्या टायरला लावायच्या डिंकाने घट्ट केली. जमिनीवर ताण मोजला तो १३० पौंडांहून अधिक भरला. मूळ अंदाजाप्रमाणे ९० पौंड पुरणार होते. दोघांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात एका दांड्याला पुन्हा चीर गेली. ऑर्व्हिल आगगाडीने डेटनला जाऊन भरीव पोलादाचे नवे दांडे घेऊन आले. १४ डिसेंबरला नाणेफेक जिंकून विल्बर बसले, पण विमानाचे नाक फार वर गेले आणि ते खाली आदळले. दुरुस्तीनंतर १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिल १२ सेकंद उडाले. त्याच दिवशी दुपारी विल्बर ५९ सेकंद उडाले आणि त्यांनी ८५२ फूट अंतर कापले.

विल्बर यांचे मन तेवढ्याने भरले नाही. १९०५ साली दोघांना शंका आली की उड्डाणात हवेच्या दाबाने लाकडी पाते वळते आणि कोरलेला कोन बदलतो. ती पडताळण्यासाठी त्यांनी पात्यांच्या मागच्या कडेला छोट्या पट्ट्या बसवल्या, म्हणजे तो पीळ परतवला जावा. शंका खरी निघाली. मग त्यांनी पात्याचा आकारच असा मागे झुकता केला की दाब आपोआप तोलला जावा, आणि पट्ट्या काढून टाकल्या. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर डेटनजवळ ३९ मिनिटे उडत राहिले आणि त्यांनी २४ मैल अंतर कापले.

१९०८ साली विल्बर फ्रान्सला गेले. तेथील पुष्कळ जाणकार राइट बंधूंना थापाडे समजत. ८ ऑगस्टला ल मान्सजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांनी दोनच मिनिटांचे उड्डाण केले, पण ज्या सहजतेने विमान वळवले ते पाहून टीकाकारांची तोंडे बंद झाली. त्याच वेळी ऑर्व्हिल अमेरिकेत सैन्यापुढे प्रात्यक्षिके करीत होते. १७ सप्टेंबरला फोर्ट मायर येथे त्यांच्या विमानाला नवे, जास्त लांबीचे पंखे लावलेले होते. उड्डाण चालू असताना एका पात्याला उभी चीर गेली. पाते चपटे झाले, त्याचा जोर गेला, पंखा थरथरू लागला आणि शेपटाच्या ताणतारेत अडकला. विमान कोसळले. बरोबर बसलेले लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज मृत्यू पावले. इंजिनाच्या विमानाने जीव गेलेले ते पहिले गृहस्थ. ऑर्व्हिल यांची मांडी आणि फासळ्या मोडल्या.

वार्ता फ्रान्समध्ये पोहोचली तेव्हा विल्बर यांना फार मोठा धक्का बसला. आपण जवळ असतो तर पंखे नीट तपासले असते, ही रुखरुख त्यांना लागून राहिली. काही दिवस त्यांनी उड्डाणे थांबवली. परंतु २१ सप्टेंबरला ते पुन्हा बसले आणि दीड तास उडाले. ३१ डिसेंबरला कडाक्याच्या थंडीत दोन तास वीस मिनिटे उडून त्यांनी मिशेलँ पारितोषिक जिंकले.

पुढची वर्षे सुखाची गेली नाहीत. पेटंटच्या खटल्यांत विल्बर यांचा वेळ आणि शक्ती खर्ची पडली. २५ मे १९१० रोजी दोघे भाऊ एकदाच एकत्र उडाले. त्याच दिवशी ऑर्व्हिल यांनी ८१ वर्षांच्या वडिलांनाही आकाशात फिरवून आणले. १९१२ साली विल्बर विषमज्वराने आजारी पडले आणि ३० मे रोजी डेटनच्या घरी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४५. पुस्तके मागवणारे ते पत्र लिहिल्याला त्याच दिवशी तेरा वर्षे पूर्ण झाली होती. दोघा भावांनी लग्न केले नव्हते. ऑर्व्हिल १९४८ सालापर्यंत जगले.

आज जगात अनेक हौशी लोक घराच्या पडवीत स्वतःचे लहान विमान बांधतात. त्यांतील कित्येकांच्या पंख्यांची पाती मध्याच्या आवळणीतून सैल करून हवी तशी वळवता येतात. इंजिन पूर्ण बंद करून, मध्यापासून ठरावीक अंतरावर कोनमापक लावून, सर्व पात्यांचा कोन अगदी सारखा ठेवतात. एका पात्यात थोडा फरक पडला तरी विमान थरथरते. मग विमान बांधून ठेवून इंजिन पूर्ण जोरात चालवतात आणि फेरे मोजतात. फेरे जास्त आले तर कोन थोडा वाढवायचा, कमी आले तर घटवायचा. कोन मनासारखा जमेपर्यंत हे काम ते पुन्हा पुन्हा करतात. विल्बर यांच्याजवळ सैल करायला बोल्ट नव्हता. लाकडात एकदा कोरलेला कोन कायमचा होता. म्हणून त्यांना आधी विचार पुरा करावा लागला आणि मगच कुऱ्हाड उचलता आली.

आपल्या मुलांना विल्बर राइट यांची ओळख पहिले विमान उडवणाऱ्या दोघांपैकी एक म्हणून असते. त्या उड्डाणाआधीची वर्षेही त्यांना सांगावीत. विद्यापीठ हुकलेला, आजारी आईच्या उशाशी बसलेला, सायकली दुरुस्त करणारा हा माणूस, ग्रंथांत उत्तर नाही म्हणून थांबला नाही. त्याने भावाशी वाद घातला, आणि भावाचे म्हणणे पटले तेव्हा ते मोकळ्या मनाने मान्यही केले. घराघरांत असा वाद घालता आला तर किती बरे होईल!