युरियाच्या गोणीमागचा माणूस: कोण होते फ्रिट्झ हाबर?

खरीप आला की युरियासाठी दुकानांसमोर रांगा लागतात. त्या गोणीतला नायट्रोजन हवेतला असतो. तो पकडण्याची युक्ती शोधली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी.

हाबर यांचा जन्म १८६८ चा, ब्रेस्लाऊचा (आताच्या पोलंडमधले व्रोत्स्वाफ). तेव्हा युरोपची शेती चिलीच्या अटाकामा वाळवंटातून जहाजाने येणाऱ्या नायट्रेटवर विसंबून होती. या खनिजाच्या पट्ट्यासाठी चिलीने १८७९ मध्ये पेरू-बोलिव्हियाशी युद्धही केले.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. १९०९ मध्ये कार्ल्सरुहेच्या प्रयोगशाळेत हाबर यांनी नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून प्रचंड दाबाखाली अमोनिया तयार करून दाखवला. कारखाना उभारणे त्याहून अवघड होते. गरम हायड्रोजन पोलादातला कार्बन खेचून घेई आणि नळ्या फुटत. बीएएसएफ कंपनीच्या कार्ल बॉश यांनी आतून मऊ लोखंडाचे अस्तर दिले. (इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी हा किस्सा जरूर वाचावा.) १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि अमोनिया स्फोटकांकडे वळला. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे क्लोरीन वायू सोडला गेला, तो हाबर यांच्या देखरेखीखाली. काही दिवसांतच त्यांच्या पत्नी, रसायनशास्त्रज्ञ क्लारा यांनी स्वतःवर गोळी झाडली. हाबर यांना १९१८ चे नोबेल मिळाले तेव्हा टीका झाली, ती रास्तच होती. जन्माने ज्यू असलेल्या हाबर यांनी नाझी सत्तेत आल्यावर १९३३ मध्ये राजीनामा देऊन देश सोडला. १९३४ मध्ये बासेल येथे त्यांचे निधन झाले.

आज याचा संबंध काय?

जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचे अन्न या खतावर पिकते, असा अंदाज आहे. त्याच जमिनीतून जास्त धान्य निघाल्याने नवी जमीन नांगरण्याची गरज घटली. पण हायड्रोजन लागतोच, आणि तो मुख्यतः नैसर्गिक वायूतून येतो. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही तेच. भारत या वायूचा मोठा हिस्सा आयात करतो, म्हणून आखातात तणाव वाढला की खताचे अनुदानही वाढते.

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हेक्टरी खत जगाच्या सरासरीपेक्षा फारच कमी पडते. तिथे धान्य वाढवायचे तर बहुधा जंगल-कुरण मोडून नवे शेत काढले जाते. नायजेरियाकडे वायू आहे, युरियाचे मोठे कारखानेही आहेत. त्यातला बराच युरिया जहाजाने ब्राझीलला जातो.